बटण एक, कामं तीन: ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोलविषयी वाचकांचे प्रश्न

गाडी घसरू नये म्हणून बसवलेल्या यंत्रणांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत गोंधळ एकच होता, फक्त शब्द वेगळे होते. त्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे. पुढची उत्तरं त्याच्याच आधारानं वाचावीत.

प्रश्न: गाडीच्या पुस्तिकेत एबीएस, टीसीएस आणि ईएससी अशी तीन नावं आहेत, पण डॅशबोर्डवर बटण एकच आहे. ते दाबलं की यातलं नेमकं काय बंद होतं?

उत्तर: सामान एकच आहे, कामं तीन आहेत. चारही चाकांच्या हबजवळ वेग मोजणारे सेन्सर असतात आणि बॉनेटखाली पंप व व्हॉल्व्ह असलेला एक हायड्रॉलिक ब्लॉक असतो. नुसतं एबीएस असलेल्या गाडीत सहसा प्रत्येक चाकामागे दोन, म्हणजे एकूण ८ व्हॉल्व्ह असतात. ईएससी असलेल्या गाडीत ते १२ होतात. या जादा चार व्हॉल्व्हमुळेच तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलेला नसतानाही पंप हव्या त्या एका चाकाचा ब्रेक दाबू शकतो. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता कामं पाहू. एबीएस ब्रेक दाबताना चाक जाम होऊ देत नाही. टीसीएस, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, रेस देताना चाक जागच्या जागी भिरभिरू देत नाही. ईएससी, म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल, वळणावर जागी होते. तिच्याकडे आणखी तीन माहितीस्रोत असतात: स्टिअरिंग किती अंश फिरवलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगानं वळतेय आणि ती बाजूला किती जोरानं ढकलली जातेय. तुम्हाला कुठं जायचंय हे ती स्टिअरिंगवरून ओळखते, गाडी प्रत्यक्षात कुठं चाललीय हे उरलेल्या दोघांवरून, आणि दोन्हींची तुलना सेकंदाला साधारण २५ वेळा करते. तफावत दिसली की एखाद्या चाकाचा ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर उतरवते.

चारही चाकांचं आजच्या धर्तीचं डिजिटल एबीएस १९७८ मध्ये बाजारात आलं, स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ मध्ये. ईएसपी, ईएससी, डीएससी, व्हीएससी, व्हीएसए, व्हीडीसी ही सगळी एकाच गोष्टीची वेगवेगळ्या कंपन्यांनी ठेवलेली नावं आहेत. नावावरून कमीजास्त ठरवू नका.

ट्रॅक्शन कंट्रोलकडे मात्र दोन हत्यारं आहेत आणि खरा गोंधळ इथे होतो. एक हत्यार इंजिनाचा जोर कमी करतं, म्हणजे तुम्ही रेस दाबत असलात तरी थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडत नाही. दुसरं हत्यार फक्त भिरभिरणाऱ्या चाकाचा ब्रेक लावतं. रस्त्यावर दोन्ही कामाची आहेत. चिखलात पहिलं आडवं येतं आणि दुसरं उपयोगी पडतं.

बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबून सोडलं की ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, किंवा त्यातला निदान इंजिन आवळणारा भाग तरी. ईएससी चालूच राहते. गाडी उभी असताना तेच बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरलं तर ईएससीसुद्धा बंद होते किंवा बरीच सैल होते. एबीएस या बटणानं कधीच बंद होत नाही. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की सहसा सगळं आपोआप पूर्ववत होतं. काही गाड्यांत त्याआधीच, ठरावीक वेग ओलांडताच, ईएससी परत चालू होते.

तुमच्या गाडीत काय होतं ते दोन मिनिटांत कळेल. मोकळ्या सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा. बटण एकदा दाबा आणि मीटरमध्ये काय उमटतं ते वाचा. मग पाच सेकंद दाबून धरा. दुसरा दिवा लागला किंवा मजकूर बदलला तर दोन पायऱ्या आहेत. काहीच बदललं नाही तर एकतर पूर्ण बंद करण्याची सोय नाही, किंवा ती पडद्यावरच्या मेनूत आहे. आणि पुस्तिकेत एवढं जरूर शोधा: कोणत्या वेगाला यंत्रणा परत चालू होते आणि जोरात ब्रेक दाबल्यावर ती तात्पुरती जागी होते का.

प्रश्न: पावसात गाडी चालवताना घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा मधूनच लुकलुकतो आणि विझतो. गॅरेजमध्ये दाखवायला हवं का?

उत्तर: नको. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा त्या क्षणी काम करतेय. सोबत पायाखाली घरघर किंवा पॅडलला थरथर जाणवली तर तीही पंपाचीच. सतत लागून राहिलेला दिवा म्हणजे बिघाड, आणि खाली ‘ऑफ’ लिहिलेला दिवा म्हणजे कुणीतरी बटण दाबलंय.

पण लुकलुकण्याकडे दुर्लक्षही करू नका. त्या क्षणी टायरची पकड संपली होती, एवढं तो सांगतो. सरळ रस्त्यावर बेतानं रेस देतानाही तो वारंवार लागत असेल तर आधी टायर बघा: नक्षीची खोली, हवेचा दाब आणि रबराचं वय. जुनं, कडक झालेलं रबर नक्षी शिल्लक असूनही ओल्या रस्त्यावर घसरतं.

प्रश्न: चिखलात गाडी रुतली की ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं असं एक जण सांगतो, चालूच ठेवावं असं दुसरा. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही, कारण ते दोन वेगळ्या हत्यारांविषयी बोलत आहेत.

डिफरन्शिअल म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच. साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव आधी लक्षात घ्या. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातलं चाक ५० न्यूटन मीटरलाच घसरत असेल तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही ५० च मिळतात, मग इंजिनात कितीही दम असो. आता घसरणाऱ्या चाकाला ४०० न्यूटन मीटरचा ब्रेक लावला तर त्याला फिरायला एकूण ४५० लागतात. साहजिकच पलीकडच्या चाकालाही ४५० मिळतात आणि गाडी हलते. ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोल हेच करतं. ते बंद केलंत तर हातातलं उत्तम साधन तुम्हीच टाकून दिलंत.

इंजिन आवळणारा भाग मात्र चिखलात घात करतो. चाक घसरलं की तो जोर काढून घेतो, गाडी मरगळते आणि होता नव्हता तो वेगही जातो. म्हणून क्रम असा ठेवा.

आधी उतरून बघा. गाडीचं पोट मातीवर टेकलं असेल तर कुठलंच बटण कामाचं नाही, खालची माती काढावी लागेल. टेकलं नसेल तर चाकांपुढचा चिखल फावड्यानं उतरता करा, पुढची चाकं सरळ ठेवा आणि बटण एकदाच, थोडक्यात दाबा. दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघा. रेस एका पातळीवर धरून ठेवा, वरखाली करू नका. ब्रेकवाला भाग चालू असेल तर कटकट किंवा घरघर ऐकू येईल. त्याला दोन-तीन सेकंद द्या. बहुतेक लोक नेमके याच वेळी घाबरून पाय काढतात. आवाज येतच नसेल आणि एक चाक मोकाट फिरत असेल तर तुमच्या गाडीत छोट्या दाबानंही दोन्ही भाग बंद झालेत. मग बटण पुन्हा दाबून यंत्रणा चालू करा आणि तोच प्रयत्न करा.

मीटरवर डोळा ठेवा. काटा ३० दाखवतोय आणि गाडी जागची हलत नाही, म्हणजे तुम्ही खड्डा खणताय. शिवाय साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक पूर्ण थांबलेलं असेल तर दुसरं ३० च्या नव्हे, ६० च्या वेगानं फिरत असू शकतं. डिफरन्शिअलमधले छोटे गिअर आणि टायर दोन्ही अशा वेळी तापून खराब होतात.

पुढेमागे झुलवून गाडी काढायची असेल, मऊ वाळू असेल किंवा बर्फाच्या साखळ्या चढवल्या असतील तर यंत्रणा पूर्ण बंद करणं योग्य. सैल पृष्ठभागावर चाकाला थोडं जास्तच फिरू द्यावं लागतं, म्हणजे ते वरचा थर बाजूला फेकून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतं. झुलवताना चाकं पूर्ण थांबल्यावरच रिव्हर्स टाका, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर नक्कीच. वाळूत टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर बटणापेक्षा जास्त फरक पडतो. मात्र अशा टायरवर हळू चालवा, झटक्यानं वळू नका आणि पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा भरा.

दहा मिनिटं झगडल्यावर ब्रेकवाला भाग अचानक गप्प बसला तर तो बिघडलेला नसतो. ब्रेक डिस्क किती तापल्या असतील याचा हिशेब यंत्रणा ठेवते आणि मर्यादा ओलांडली की थांबते. गाडी थोडा वेळ थंड होऊ द्या.

एक जुनी युक्तीही सांगून ठेवतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि दांड्याचा हँडब्रेक असलेल्या गाडीत दांडा दोन-तीन खटके ओढून हळूच रेस दिली तर घसरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा मिळतो आणि वरचंच गणित हातानं साधतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचा काही उपयोग नाही.

बाहेर आल्यावर बटण दाबून यंत्रणा परत चालू करा. आपोआप होईल म्हणून सोडू नका.

प्रश्न: वळणावर गाडी घसरायला लागली तर ईएससी नक्की कोणतं चाक धरते? आणि तेव्हा चालकानं काय करावं?

उत्तर: पुढची चाकं घसरून गाडी वळणाच्या बाहेर सरळच जाऊ लागली तर ईएससी मुख्यतः वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक धरते. त्यानं गाडीचं नाक आत ओढलं जातं. मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरते आणि गाडीचं गिरकी घेणं रोखते. दोन्ही वेळा इंजिनाचा जोरही उतरवते.

चालकाचं काम सोपं वाटतं, पण घाईत चुकतं. स्टिअरिंग हा त्या यंत्रणेला दिलेला तुमचा हुकूम आहे. गाडी वळत नाही म्हणून घाबरून स्टिअरिंग पूर्ण फिरवलंत तर तिला वाटतं तुम्हाला खरंच तेवढं वळायचंय. मग पुढच्या चाकांना पकड परत मिळते त्या क्षणी गाडी आत झेपावते. म्हणून जायचं त्या दिशेकडे बघा, तेवढंच स्टिअरिंग फिरवा, रेसवरचा पाय काढा. समोर अडथळा असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरा आणि वळत राहा. एबीएस आणि ईएससी दोन्ही एकत्र काम करतात. पॅडल थरथरलं म्हणून पाय उचलू नका.

तिची हद्दही समजून घ्या. ५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण घेऊ. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ते वळण जास्तीत जास्त ताशी ७१ किलोमीटरनं घेता येतं. ओल्या रस्त्याला ०.५ धरला तर ५६ नं, बर्फाच्या काचेसारख्या थरावर ०.१ धरला तर फक्त २५ नं. ही भौतिकशास्त्रानं आखलेली हद्द आहे. ईएससी तिच्या आत राहून उपलब्ध पकड चार चाकांत शहाणपणानं वाटते, नवी पकड निर्माण करू शकत नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागले तर तिच्या हातात काहीच उरत नाही, कारण ब्रेक लावायला चाकाखाली रस्ताच नसतो. त्यात बाजूचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० ऐवजी ७० नं शिरलात तर टायरकडे ३६ टक्के जास्त पकड मागितलीत.

प्रश्न: व्हील अलाइनमेंट करून आणल्यापासून ईएससीचा दिवा लागून राहिला आहे. स्टिअरिंगचा सेन्सर गेला, बदलावा लागेल असं गॅरेजवाला म्हणतो. बदलू का?

उत्तर: थांबा. अलाइनमेंटनंतर लगेच दिवा लागला असेल तर सेन्सर ‘गेला’ असण्यापेक्षा त्याचं शून्य हललं असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

सरळ सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंग तिरकं दिसतं का ते बघा. टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंग पुढच्या चाकांना जोडणारे दांडे, एका बाजूनं जास्त फिरवले गेले तर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग आठ-दहा अंश वळलेलं राहतं. ईएससीच्या दृष्टीनं चालक सतत वळवतोय आणि गाडी वळत नाहीये. थोडा वेळ ती हा विरोधाभास सहन करते, मग स्वतःला बंद करून घेते. अशा वेळी आधी अलाइनमेंट पुन्हा करून स्टिअरिंग सरळ आणायचं, त्यानंतर शून्य नोंदवायचं. उलट क्रमानं केलं तर तिरकं स्टिअरिंगच ‘सरळ’ म्हणून नोंदलं जातं.

शून्य नोंदवण्याची पद्धत गाडीगणिक बदलते. काहींत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि मग थोडं अंतर सरळ चालवायचं एवढंच लागतं. बॅटरीची वायर काढल्यानंतर लागलेला दिवा बऱ्याचदा यानंच जातो. बाकीच्या गाड्यांत स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, लावूनच करावं लागतं. गाडी वळण्याचा वेग आणि बाजूचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचं शून्यही नोंदवणार असाल तर गाडी सपाट जागी, अगदी स्थिर हवी. आत माणसं चढत-उतरत असताना ते करू नये.

सेन्सर खरंच खराब आहे का, हे स्कॅनरच्या चालू आकड्यांत दिसतं. स्टिअरिंग सरळ असताना आकडा शून्याच्या आसपास, फार तर दोन-चार अंश इकडेतिकडे असावा. मग ते हळूहळू टोकापर्यंत फिरवा. आकडा न अडखळता चढत गेला पाहिजे, बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंना सुमारे ५०० अंशांपर्यंत. मधेच उडी मारली, अडकला किंवा गायब झाला तरच सेन्सर किंवा त्याची वायर बदलायचा विषय निघतो. हे आकडे दाखवायला गॅरेजवाल्याला सांगा. ते बघितल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नका.

प्रश्न: कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू वेगात, गाडी थांबता थांबता ब्रेकचं पॅडल थरथरतं आणि गाडी थोडी पुढे सरकते. दिवा कुठलाच लागत नाही.

उत्तर: हे एका चाकाच्या वेगाच्या सेन्सरचं लक्षण आहे, आणि फसवं आहे. गाडी ताशी १० किलोमीटरच्या खाली येते तेव्हा एका चाकाचा सिग्नल बाकीच्यांपेक्षा आधीच मरतो. यंत्रणेला वाटतं ते चाक जाम झालं. ती त्याचा ब्रेक सोडते. गाडी पुढे सरकते ती त्यामुळे. सिग्नल पूर्ण तुटलेला नसल्यानं बिघाडाची नोंद होत नाही आणि दिवाही लागत नाही.

कारणं साधारण ठरलेली आहेत. हबवर सेन्सर बसतो त्या जागी गंज फुगतो, सेन्सर वर उचलला जातो आणि अंतर वाढतं. सेन्सर जिचे दात मोजतो ती चाकासोबत फिरणारी दातेरी रिंग असेल तर तिला तडा जातो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलवरच चुंबकीय पट्टा असतो. त्यावर लोखंडाचा कीस चिकटतो, किंवा बेअरिंग सैल झाल्यानं पट्टा डोलतो.

चाक शोधायला स्कॅनरवर चारही चाकांचे वेग आलेखात लावा. दुसऱ्या कुणाला तरी मोकळ्या जागी गाडी २० वरून हळूहळू थांबवायला सांगा. एक रेघ बाकीच्यांआधी शून्यावर आपटेल, तेच चाक.

पुढे एक चूक वारंवार होते. जुन्या पद्धतीच्या, आत फक्त गुंडाळी असलेल्या सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरनं मोजता येतो. तो साधारण हजार-दोन हजार ओहमच्या घरात असतो, आणि चाक हातानं फिरवलं तर थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या, अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला मात्र ओहम मीटर लावू नका. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याची तपासणी करंटवरून होते: चाक हळू फिरवताना तो साधारण ७ आणि १४ मिलिअँपियर या दोन पातळ्यांत उडी मारतो.

उपाय अनेकदा साफसफाईचाच असतो. सेन्सर काढा, बसण्याची जागा तारेच्या ब्रशनं गंज निघेपर्यंत घासा, टोकावरचा कीस पुसा, सरळ दाबून बसवा. गंजलेला सेन्सर पकडीनं ओढलात तर तुटतोच. गंज सोडवणारं तेल मारून थांबा आणि आधी दोन्ही बाजूंना हलकेच फिरवा. बेअरिंग बदलत असाल तर चुंबकीय पट्ट्याची बाजू सेन्सरकडे आहे ना, हे ठोकण्याआधी दोनदा बघा. बेअरिंग उलटं बसलं तर त्या चाकाचा सिग्नल शून्य येतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. हे दुखणं रेंगाळू देऊ नका. वर्दळीत पुढच्या गाडीपासून थांबायचं अंतर शेवटच्या मीटरभरातच चुकतं.

प्रश्न: दोनच नवे टायर घ्यायचे आहेत. ते पुढे लावले तर ट्रॅक्शन कंट्रोलला त्रास होतो का? आणि छोटी स्टेपनी लावल्यावर दिवा लागला, तो का?

उत्तर: नवे टायर मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि तिथे नक्षी नसेल तर ईएससी किती ओढणार?

वेगाचा फरक म्हणाल तर नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ धरली तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. साधारण ३१० मिलिमीटर त्रिज्येच्या टायरवर तो १.६ टक्के झाला. एवढा फरक यंत्रणा सामावून घेते. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र एवढ्या फरकानंही गिअरच्या भागांना त्रास होऊ शकतो. तिथे पुस्तिकेतली मर्यादा पाळा.

छोटी स्टेपनी जास्त वेगानं फिरते, म्हणून यंत्रणेला ते चाक सतत घसरतंय असं वाटतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा टायर पंक्चर झाला तर मागचा चांगला टायर पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. तिच्यावर छापलेली वेगमर्यादा, सहसा ताशी ८० किलोमीटर, पाळा.

प्रश्न: चेक इंजिनचा दिवा आणि ईएससीचा दिवा एकदमच लागले. ब्रेकचे सगळे सेन्सर तपासले, ठीक आहेत.

उत्तर: ब्रेकमध्ये शोधणं थांबवा. ईएससीला इंजिनाचा जोर उतरवायचा असतो तेव्हा ती इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे तशी मागणी करते. थ्रॉटल, इग्निशन किंवा हवेच्या सेन्सरचा बिघाड असेल तर इंजिन कळवतं की मला हे नेमकेपणानं जमणार नाही, आणि ईएससी मुकाट्यानं बाजूला होते. इंजिनाचा बिघाड दुरुस्त केला की दुसरा दिवा बहुधा आपोआप जातो. म्हणून स्कॅनरनं गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलचे (छोट्या कॉम्प्युटरचे) बिघाडाचे कोड वाचा आणि सुरुवात इंजिनापासून करा.

इंजिनाचा दिवा नसताना एकटाच ईएससीचा लागला तर दोन स्वस्त गोष्टी आधी बघा. पहिली, ब्रेक पॅडलवरचा स्विच. पॅडल दाबल्यावर मागचे दिवे लागतात आणि सोडल्यावर लगेच विझतात ना? स्विच आणि ब्रेकचा दाब यांचा मेळ बसला नाही तर ईएससी बंद पडते. दुसरी, बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ हवेत. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार कोसळलं तर नको ते कोड नोंदवले जातात.

एबीएस, ईएससी आणि लाल ब्रेकचा दिवा असे तिन्ही एकदम लागले तर मात्र गाडी बाजूला घ्या आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहा. पातळी खाली गेली असेल किंवा पॅडल नेहमीपेक्षा खोल जात असेल तर गाडी पुढे नेऊ नका. पातळी ठीक असेल तरी पुढच्या-मागच्या ब्रेकच्या दाबाची वाटणीही बंद पडलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी जाम होतील. गॅरेजपर्यंत जायचंच असेल तर अगदी हळू जा.

प्रश्न: चांगला चालक ही यंत्रणा बंदच ठेवतो, शर्यतीच्या गाड्यांत ती नसते, असं मित्र म्हणतो.

उत्तर: फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे हे खरं. पण ते गाडीला मंद करत होतं म्हणून नव्हे, तर चालकाचं काम फार सोपं करत होतं म्हणून. मित्राला विचारा, चार चाकांपैकी एकाच चाकाचा ब्रेक लावायला त्याच्याकडे कितवं पॅडल आहे? बंद ट्रॅकवर, मोकळ्या जागेत शिकायला ‘स्पोर्ट’ पायरी ठीक आहे. तिथे यंत्रणा थोडी जास्त घसरण चालवून घेते आणि उशिरा हात घालते.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीत निसरड्या उतारावर रेसवरचा पाय काढला की मागची बाजू हलल्यासारखी वाटते. हे ट्रॅक्शन कंट्रोल थांबवत नाही का?

उत्तर: थांबवते, पण घसरण सुरू झाल्यावर. पाय काढताच मोटर उलटी ओढू लागते आणि ती ओढ फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर येते. ती मागची असतील तर हँडब्रेक हलकेच ओढल्यासारखा परिणाम होतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतही निसरड्यावर एकदम खालचा गिअर टाकला की हेच घडतं. तिथे ईएससी उलट इंजिनाला क्षणभर रेस देऊन चाक मोकळं करते. इलेक्ट्रिक मोटर तर फार झटपट ओढ सोडते. तरी बर्फ, ओला चिखल किंवा पानांचा थर असेल तेव्हा मोटरच्या ब्रेकची पातळी मेनूतून सर्वांत कमी करा, पाय हळूहळू उचला आणि वेग ब्रेक पॅडलनंच उतरवा. पॅडल दाबलं की ब्रेक चारही चाकांवर वाटता येतो.

प्रश्न: तपासणी केंद्रात रोलरवर गाडी चढवण्याआधी हे बंद करावं लागतं का?

उत्तर: दोनच चाकं फिरणाऱ्या रोलरवर, हो. दोन चाकं पळतायत आणि दोन थांबलेली, हे पाहून यंत्रणा जोर काढते किंवा ब्रेक लावते. बटण पाच सेकंद दाबून पूर्ण बंद करा, किंवा पुस्तिकेत रोलरसाठी वेगळा मोड दिला असेल तर तो लावा. चारही चाकांवर चालणारी गाडी दोन चाकांच्या रोलरवर इंजिनाच्या जोरानं फिरवू नका, नाहीतर ती रोलरवरून उडी मारेल. काम झाल्यावर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. दिवा विझला नाही तर थोडं सरळ चालवून बघा. रोलरवर नोंदलेला वेगाचा विसंवाद बहुतेक वेळा तेवढ्यानं पुसला जातो.